दुपारच्या उन्हात ट्राउट गरीला का लागत नाही?

प्रश्न: सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही चार दिवस उद्यानात तंबू टाकून राहतो. तिथल्या तळ्यात ट्राउट सोडलेले आहेत. न्याहारी आटोपून अकराच्या सुमारास धक्क्यावर जातो, गांडूळ लावून बसतो, पण तीन-तीन तास काही लागत नाही. आजूबाजूला पोहणारे, होड्या, कलकलाट. गर्दीने मासे पळतात का?

उत्तर: गर्दीने मासे थोडे लांब सरकतात, पण तुमचा घात गर्दी नव्हे, तापलेलं पाणी करतंय. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी १० ते १६ अंश सेल्सिअस असेल तर तो भरपूर खातो, २० च्या वर गेलं की त्याची भूक मंदावते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २० अंशांना जेमतेम ९. माशाला मात्र उबेत जास्त प्राणवायू लागतो. अकरा वाजता धक्क्यालगतच्या उथळ पाण्यात ट्राउट थांबेलच कशाला?

पाणी सर्वांत थंड असतं ते पहाटे. उजाडल्यापासून ऊन पाण्यावर येईपर्यंतचे दीड-दोन तास हीच तुमची वेळ, आणि तेव्हा पोहणारेही झोपलेले असतात. संध्याकाळी किडे पाण्यावर उतरतात म्हणून मासे वर येतात खरे, पण दिवसभर तापलेलं पाणी तेव्हा सकाळपेक्षा उबदारच असतं.

जागा बदला. ओढा तळ्याला मिळतो ते तोंड, बांधाजवळची खोल बाजू, सावलीचा काठ, तळातून झरा येतो तिथलं पाणी, या जागा आधी बघा. खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचा थर गरम आणि खालचा थंड असा भेद पडतो. तो मोजायची सोपी युक्ती आहे. लहान बाटलीला वजन बांधा, तोंडाला सैल बूच लावा आणि बूच व बाटली एकाच दोरीला बांधा. हव्या त्या खोलीवर दोरीला हिसका दिला की बूच निघतं आणि तिथलंच पाणी बाटलीत भरतं. वर ओढून लगेच तापमापक बुडवा. दर मीटरला असं करत जा. १५-१६ अंश जिथे सापडेल त्या खोलीवर आमिष ठेवा. थेट तळाला सोडू नका. शेवाळाने भरलेल्या तळ्यात उन्हाळ्याच्या अखेरीस तळाशी प्राणवायूच उरत नाही, तिथे थंड पाणी असूनही मासा नसतो.

नेमकी खोली साधायला सरकता फ्लोट, म्हणजे दोऱ्यावर सरकणारा तरंगता खुणेचा तुकडा, हवा. साधारण १.८ किलो ताकदीचा पातळ दोरा घ्या, जाड दोरा स्वच्छ पाण्यात माशाला दिसतो. काठीकडून गरीकडे क्रम असा: दोऱ्यावर अडवणारी गाठ, मणी, फ्लोट, मग गरीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर दाबून बसवलेली शिशाची गोळी आणि शेवटी ८ किंवा १० नंबरची गरी. गाठ वरखाली सरकवली की खोली बदलते. फ्लोट आडवा पडून राहिला तर शिसं तळाला टेकलंय, गाठ गरीकडे आणा. नुसतं टोक पाण्यावर दिसेल इतकंच शिसं लावा. फ्लोट जास्त उचललेला असेल तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष सोडून देतो.

गांडूळ अर्धंच लावा, शेपटी वळवळू द्या. अख्ख्याचा गोळा केला की लहान मासे कडेकडेने कुरतडून नेतात. नुकतेच सोडलेले ट्राउट गोळी-खाद्यावर वाढलेले असतात, त्यांना तरंगणारं पिठाळ आमिष चालतं. ते गरीसकट काठाच्या पाण्यात टाकून बघा. बुडालं तर गोळा गरीच्या मानाने लहान आहे.

परवाना, रोजची मर्यादा, आमिषाला परवानगी आहे की नाही हे गळ टाकण्याआधी फलकावर वाचा.

प्रश्न: लहान मासे आम्ही सोडून देतो, पण काही उलटे होऊन तरंगतात. काय चुकतं?

उत्तर: हे मनावर घ्या, कारण बऱ्याच अंशी ते टाळता येतं. काठी टेकवून कुणी खाऊ आणायला गेलं की मासा गरी पोटापर्यंत गिळतो. फ्लोट बुडताच हलका झटका द्या. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका, ती सहज निघते. खोल गेलेली गरी उपसू नका, कल्ले फाटतात. तोंडाजवळ दोरा कापा आणि मासा सोडा. कोरडा हात लावला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात ओला करा. मासा पाण्यातच ठेवून गरी काढा. फोटो हवाच असेल तर पाण्याबाहेर काही सेकंदच.

पाणी २० अंशांच्या वर असताना मात्र सोडून देण्यासाठी मासे पकडूच नका. झुंजीने थकलेल्या माशाला त्या पाण्यात दम पुन्हा मिळत नाही. पोहत गेलेला दिसतो आणि तासाभराने मरतो. तेव्हा मुलांना पोहायला न्या.

प्रश्न: स्पिनर (ओढलं की पाण्यात गरगर फिरणारं धातूचं आमिष) वापरला की मुलांच्या दोऱ्याचा गुंता होतो.

उत्तर: स्पिनर फिरतो तसा दोऱ्यालाही पीळ भरतो. त्याच्या ४० सेंटिमीटर वर स्विव्हल, म्हणजे पीळ अडवणारी फिरती कडी, बांधा, स्पिनर २ ते ३ ग्रॅमचा पुरे. दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही: मासा दोरा ओढून पळत असताना मूल रिळाची मूठ फिरवतच राहतं. ड्रॅग (जोराची ओढ बसली की दोरा सुटू देणारा रिळाचा भाग) घसरत असताना मूठ फिरली की प्रत्येक फेऱ्याला पीळ चढतो. रीळ किरकिरलं की हात थांबवायचा, ओढ थांबली की गुंडाळायचं, एवढं शिकवा. पीळ भरलाच तर स्पिनर काढून मोकळा दोरा वाहत्या पाण्यात लांब सोडा आणि थोड्या वेळाने बोटांच्या चिमटीत ताणून गुंडाळा.

प्रश्न: सकाळचा मासा रात्रीच्या जेवणापर्यंत कसा टिकवायचा?

उत्तर: दोरीत ओवून गरम पाण्यात लटकवू नका, मांस मऊ पडतं. लगेच डोक्यावर ठोका देऊन मारा आणि कल्ले कापून रक्त जाऊ द्या. गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत चीर द्या, आतडी काढा. कण्यालगत गडद लाल पट्टी दिसेल, ती अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याने खरवडून काढा; सर्वांत आधी तीच वास मारते. पुसून, पिशवीत घालून बर्फात ठेवा आणि वितळलेलं पाणी अधूनमधून ओतून टाका. आतडी उद्यानाने नेमून दिलेल्या जागीच टाका, तंबूजवळ जनावरं येतील अशी ठेवू नका.