फिल्मवर लांब एक्स्पोजर: ॲपचा आकडा तपासून घे

हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग टिपणार आहेस, तर आधी एक पक्कं कर: मिनिटभराच्या मंद उजेडाला फिल्म पूर्ण दाद देत नाही. यालाच रेसिप्रोसिटी फेल्युअर म्हणतात.

समज, उजेड मोजणारा मीटर १/३० सेकंद दाखवतोय. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), लावला की वेळ हजारपट, म्हणजे साधारण ३० सेकंद. एक्स्पोजरची वेळ काढून देणारी काही ॲप्स इथेच थांबतात, आणि उजेड कमी पडून निगेटिव्ह पातळ येते. फिल्म बनवणाऱ्या इलफर्डने आपल्या एचपी५ प्लस फिल्मसाठी घातांक १.३१ दिलाय; ३० चा तेवढा घात केला की ८६ सेकंद होतात. त्यांच्याच एफपी४ प्लसचा १.२६, म्हणजे ७३ सेकंद. म्हणून ॲपमध्ये फिल्मचं नाव निवडता येतं का, ते घरीच बघ. नसेल तर हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेव.

सूर्य बुडाल्यावर उजेड भराभर उतरतो. प्रत्येक फ्रेमआधी नव्याने मीटर कर, मी आळस केला आणि अर्धा रोल गमावला. आणि फोकस कर, तो फिल्टर लावण्याआधीच.

आणि भरती चढत असेल तर पाण्यापासून लांब उभा राहा रे. लाट मागे फिरली की ट्रायपॉडखालची वाळू सरकते, तेही नेमकी साठाव्या सेकंदाला.