वॉट दुप्पट झाले, गाणं का नाही झालं?

प्रश्न: माझ्याकडे ५० वॉटचा जुना ॲम्प्लिफायर आणि पाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या पडद्याचे) छोटे बुकशेल्फ स्पीकर होते. फोनच्या हेडफोनच्या भोकातून वायर थेट ॲम्पला जोडत असे. नुकताच १०० वॉटचा ॲम्प आणि वेगळा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲम्पला चालणारा सिग्नल करून देणारी पेटी) घेतला. पहिल्या संध्याकाळी आवाज एकदम मोकळा वाटला, घरातल्यांनाही बोलावून ऐकवला. आता मात्र सगळं पूर्वीसारखंच. डग्गा तेव्हाही नुसता घुमायचा, आताही घुमतो आणि गाणाऱ्याचा गळा त्याखाली दबतो. स्पीकर कपाटाच्या खणांत आहेत, दोन कोपऱ्यांत. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला आहे. वय ५८. माझे कान कमी पडतात का? की आता स्पीकरही बदलू?

उत्तर: कानांवर शंका घेऊ नका. ‘डग्गा घुमतो आणि गळा दबतो’ इतकी नेमकी तक्रार ज्याला सांगता येते, त्याला नीट ऐकू येतं. वयाबरोबर आधी कमी होतं ते वरच्या टोकाचं ऐकणं, १० हजार हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या कंपनांच्या) पुढचं. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. तुमची तक्रार तिथली आहे, आणि ती ॲम्प किंवा डॅक बदलून जाणारी नव्हतीच. खरेदीआधी हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आधी वॉटचं बघू. ५० चे १०० वॉट झाले की वाढतात फक्त ३ डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं एकक). आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॉट. त्यात घरगुती ऐकण्यात साधारण स्पीकर एक-दोन वॉटवरही खोली भरून वाजतो. तुमचा जुना ॲम्प बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या छोट्याशा भागातच काम करत होता. खोली फार मोठी असेल किंवा स्पीकर चालवायला जड असतील, तर मोठा ॲम्प उपयोगी पडतो. तुमच्याकडे यातलं काहीच दिसत नाही.

मग पहिल्या संध्याकाळी जे ऐकलं ते काय होतं? ते खरंच ऐकलं होतं, असं मला वाटतं. फोनच्या भोकातून साधारण १ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी सिग्नल निघतो, तर घरगुती डॅकमधून सहसा २ व्होल्ट. व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल जास्त. नॉब जुन्याच खुणेच्या आसपास ठेवला असेल, तर आवाज मोठाच होता. आणि थोडासा मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही. तो मोकळा, भरलेला, जवळचा वाटतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. आवाज जरा वाढवला की तो खर्ज परत येतो आणि नवं यंत्र श्रीमंत वाटतं. पुढे तुम्ही नॉब आपल्या सवयीच्या पातळीवर आणलात आणि फरक गेला.

नव्या वस्तूचा आनंदही त्यात मिसळलेला असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दोन्ही वेळचे गुण वेगळे आले. मुरलेले ऐकणारेही त्यातून सुटले नाहीत. म्हणून तुलना करायची तर दोन्ही यंत्रांची पातळी आधी सारखी करा. फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने, एकाच जागी बसून, एकच चाचणीचा खरखराट (‘पिंक नॉइज’) वाजवून ती जुळवता येते. मग बदलण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि तुम्ही पाठ फिरवून बसा.

आता खोली. माझं सगळं म्हणणं इथे आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल, तर ५० हर्ट्झच्या आसपासचा स्वर त्या दोघींत अडकून फुगतो. मग १००, १५० असं पुढे. हा फुगवटा भिंतीलगत सगळ्यात जास्त असतो, कोपऱ्यात त्याहूनही जास्त. तुमचे स्पीकर कोपऱ्यात आणि तुमचं डोकं भिंतीला टेकलेलं! डग्ग्याची प्रत्येक थाप दोन्हीकडून फुगून तुमच्यापर्यंत पोहोचते. त्यात कपाटाचा खण स्वतःच घुमतो.

एका सुट्टीच्या दिवशी स्पीकर कपाटातून बाहेर काढा. उंच स्टुलांवर ठेवा, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) बसल्या कानाच्या उंचीला येईल असे. मागच्या भिंतीपासून हातभर आणि बाजूच्या भिंतीपासून त्याहून जास्त पुढे घ्या. सोफा भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटर पुढे ओढा. मात्र खोलीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे तोच खालचा स्वर नाहीसा होतो. स्पीकरला मागे पोर्टचं भोक (खर्ज वाढवण्यासाठी ठेवलेलं) असेल तर त्यात मोज्याची गुंडाळी सारून पाहा. ओळखीचं, संथ लयीतलं एकच गाणं लावा आणि जागा वीत-वीत बदलत जा. थापेचा शेवट कुठे सुटा ऐकू येतो आणि गळा दोन स्पीकरच्या मधोमध कुठे उभा राहतो, तिथे थांबा. स्पीकर कपाटातच ठेवावे लागणार असतील, तरी निदान खणाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि सोफा हलवा. एवढ्यानेही गळा बराच वर येईल.

यानंतरही काही खटकलं, तर ते एका वाक्यात लिहून काढा आणि मगच स्पीकरचा विचार करा. आवाजाचा पोत सगळ्यात जास्त बदलतो तो स्पीकरमुळेच. ‘तंबोऱ्याची जवार बोथट वाटते’ किंवा ‘खालचा षड्ज पोकळ वाटतो’ असं काही असेल, तर चांगला स्पीकर ते सुधारू शकेल. ‘आणखी छान हवं’ एवढंच असेल तर थांबा. आणि हेही आधीच सांगतो, चांगला स्पीकर जुनं मुद्रण सुधारत नाही. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणांत वरचे आणि खालचे स्वर मुळात उतरलेच नाहीत. तिथे फक्त खरखर जास्त स्पष्ट होईल. मला ती मुद्रणं तरीही प्रिय आहेत.

प्रश्न: स्पीकरची वायर महागातली घेतल्याने फरक पडतो का?

उत्तर: नाही. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर पाच मीटर ओढली, तरी जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे यात एक दशांश डेसिबलही जात नाही. लक्ष द्यायचं ते टोकांकडे. तारा घट्ट आवळा, एकही सुटा धागा शेजारच्या टोकाला लागू देऊ नका. अधिक-उणे दोन्ही स्पीकरना सारखंच जोडा. एका बाजूला उलटं झालं तर खर्ज विरतो आणि गाणाऱ्याची जागा कळेनाशी होते. वरच्या पत्रलेखकांनीही नवा ॲम्प जोडताना हे बरोबर झालंय ना, ते सोफा हलवण्याआधी एकदा तपासावं.