गव्हाचं नवीन वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं का लागतात? शेतकऱ्याला ते स्वतःच्या रानात जमेल का?

एमएस्सीला (कृषी) दोन रब्बी हंगाम मी गव्हाचे संकर करण्यात घालवले, म्हणून सांगतो. संकर सकाळभरात होतो. वर्षं जातात ती नको असलेलं काढून टाकण्यात.

गव्हाचं फूल उमलायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं. म्हणून ओंबी कोवळी असतानाच गाठायची. मधली बारकी फुलं खुडायची, उरलेल्यांची टोकं कात्रीने छाटायची आणि चिमट्याने प्रत्येक फुलातले तीनही परागकोश अलगद उचलायचे. मग बटरपेपरची पिशवी. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग त्या ओंबीवर झटकायचा. पहिल्या वर्षी माझ्या हातून एका ओंबीत परागकोश राहिले असावेत. पुढच्या हंगामात ओळ उगवली ती हुबेहूब आईसारखी! वर्ष पाण्यात.

संकराची पहिली पिढी एकसारखी दिसते. खरा गोंधळ दुसऱ्या पिढीत: उंच, बुटके, कुसळवाले, बिनकुसळाचे, सगळे एकाच वाफ्यात. त्यातून निवडायचं, पुन्हा पेरायचं. हा मिश्रपणा दर पिढीला साधारण निम्म्याने कमी होतो, त्यामुळे वाण स्थिर व्हायला पाच-सहा पिढ्या जातात. निलगिरीत वेलिंग्टनला बिगरहंगामी गहू येतो, तिथे एक जादा पिढी घेऊन काही वर्षं वाचवतात.

आणि निवड तरी कशाकशावर? नुसतं उत्पन्न बघून चालत नाही. आपल्याकडे थंडी थोडी. फेब्रुवारीतच ऊन तापलं की दाणा पोसत नाही, चिमतो. पाणी-खत जास्त झालं की गहू लोळतो. तांबेरा हा बुरशीचा रोग तर आहेच. महाबळेश्वरच्या संशोधन केंद्रात मुद्दाम रोगाची लागण करून ओळी पारखतात. एवढ्यातून तरलेला गहू चपातीला वातड निघाला तर पुन्हा पंचाईत. शेवटी देशभरच्या समन्वित चाचण्यांत साधारण तीन वर्षं तो प्रचलित वाणांशेजारी पेरतात. तिथेही बरेच गळतात.

शेतकऱ्याला जमेल का? संकर करणं अवघड, पण निवड नक्की जमेल. किराणा दुकानातला ‘लोकवन’ म्हणजे मुळात लोक-१. तो कुठल्या मोठ्या विद्यापीठाचा नाही, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती या ग्रामीण शिक्षणसंस्थेत तयार झालेला. (तांबेऱ्याला बळी पडतो, तरी लोक सोडत नाहीत. चपातीची चव!) शिवाय २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतः विकसित केलेलं वाण आपल्या नावावर नोंदवता येतं.

करून बघायचं असेल तर उभ्या पिकात वेगळी, निरोगी, न लोळलेली झाडं हेरून सुतळी बांधा. प्रत्येक ओंबीची पुढच्या वर्षी वेगळी ओळ, आणि मध्ये-मध्ये तुमच्या नेहमीच्या गव्हाची ओळ, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. त्या ओंब्या मळणीयंत्रात मात्र घालू नका, हातावर चोळा. यंत्रात आधीच्या गव्हाचे दाणे अडकलेले असतात.