नातीसाठी कर्जतला प्लॉट घेऊ का? मुलुंडच्या काकूंना उत्तर

काकू, आधी मनापासून अभिनंदन, आजी झालात! तुमचा मेल दोनदा वाचला. बारशाच्या दिवशी मुलाच्या खिडकीत कढीपत्त्याचं बी लावलंत आणि आता त्याला दोन पानं फुटलीत, हे वाचून इतकं छान वाटलं की आकडे बघायला मी जरा वेळाने बसले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकू ६२, काका ६७, मुलुंड पूर्वेला स्वतःचा वन बीएचके, मुलगा-सून दोन बिल्डिंग सोडून. काकांच्या नावावर सिनियर सिटिझन स्कीममध्ये (ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना) २० लाख, एका सहकारी बँकेत ७ टक्क्यांनी १६ लाखांची एफडी आणि पीएफचं पेन्शन २,८००. खर्च महिना २५ हजार. आता एक एजंट कर्जतजवळ ५ गुंठ्यांचा प्लॉट १४ लाखांत देतोय आणि काकूंना वाटतंय की एफडी मोडून तो घ्यावा, म्हणजे नातीला मातीत हात घालायला स्वतःची जागा होईल, तिच्या हाताने आंबा लावता येईल.

काकू, माझं मत सरळ सांगते, घेऊ नका.

आज स्कीमचं व्याज महिन्याला साधारण १३,६०० पडतं, एफडीचं ९,३००, वर पेन्शन, म्हणजे जेमतेम २५-२६ हजार, खर्चाला बरोब्बर पुरतंय. १४ लाख गेले की हाच आकडा साडेसतरा हजारांवर येतो, मग दर महिन्याला सात-साडेसात हजार कुठून आणणार? उरलेले २ लाख कंपाउंड, बोअर आणि राखणदारातच जातील. उद्या काकांचं काही दुखणं निघालं तर मुलाकडे हात पसरावा लागेल आणि त्याच्या घरी आत्ताच बाळाचा खर्च सुरू झालाय.

दुसरं म्हणजे त्या प्लॉटचे कागद. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, म्हणजे तुमचं किंवा काकांचं नाव कुठल्यातरी सातबाऱ्यावर असायला लागतं, आणि तुम्ही लिहिलंय की गावची जमीन कधीच गेली. एजंट म्हणतो 'एनए होऊन जाईल', म्हणजे जमीन बिगरशेती ठरेल, पण होऊन जाईल आणि झालंय यात फार फरक आहे, जमीन एनए झाल्याचा सरकारी कागद हातात नसेल तर ती शेतजमीनच धरा. शिवाय अशा छोट्या तुकड्यांना तुकडेबंदीचा कायदा (शेतजमिनीचे फार छोटे तुकडे करायला बंदी) आडवा येतो म्हणून बरेचदा दहा-बारा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर टाकतात, मग पुढे विकायचं म्हटलं तर सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरा. टोकन दिलं नसेल तर देऊ नका, दिलं असेल तर आजच लेखी परत मागा.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. माझे आजोबा गिरगावात चाळीत राहायचे, गॅलरीत डालड्याच्या डब्यांत मोगरा आणि तुळस, एवढीच बाग. मी चार वर्षांची असेन, ते रोज सकाळी चहाचा चोथा माझ्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, आधी धुऊन घे, साखर राहिली तर मुंग्या येतात. मी आजही चोथा धुऊनच झाडांना घालते. हे मला आलं कारण ते रोज घडत होतं. कर्जतचा प्लॉट महिन्यातून एकदा, तोही लोकलने, डायपरची बॅग आणि काकांचे गुडघे सांभाळत, आणि पावसाळ्यानंतर गेलात तर कमरेएवढं गवत. नातीला तुमची बाग रोज दिसायला हवी काकू, आणि ती दोन बिल्डिंगांवरच आहे.

मग पैशाचं काय करायचं? एफडी मोडू नका, मुदत संपली की त्यातले १० लाख काकांच्या नावावर सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाका. एका माणसाला ३० लाखांची मर्यादा आहे, तेव्हा बरोब्बर १० ची जागा आहे. सध्या ८.२ टक्के मिळतात, म्हणजे ७ च्या तुलनेत वर्षाला १२ हजार जास्त. जॉइंटला तुमचं नाव घाला. उरलेले ६ दोन बँकांत वाटून ठेवा, कारण बँक बुडाली तर विमा व्याज धरून एका बँकेत ५ लाखांपर्यंतच मिळतो आणि तुमचे आज सगळे १६ एकाच ठिकाणी आहेत, ही मला प्लॉटपेक्षाही मोठी काळजी वाटते.

ते जास्तीचे १२ हजार नातीचे. सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं खातं, आजी-आजोबांना उघडता येत नाही, आईवडिलांनीच उघडायचं, तेव्हा मुलाला पोस्टात पाठवा, पैसे तुम्ही त्याला द्या, त्याच्यावर टॅक्सही नाही. दरवर्षी ५ एप्रिलच्या आत भरले तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं. १५ वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी, दर आजचाच राहिला तर, साधारण पावणेसहा लाख होतील. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे हा आकडा पक्का धरू नका. आणि एखाद्या वर्षी जमलं नाही तर २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, त्याचं ओझं घेऊ नका.

बागेला फार पैसे लागत नाहीत. खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्यांत नुसती लाल माती भरू नका, जड होते, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं शेणखत घाला. जुन्या बादलीत अळू, एक गवती चहा, एक जास्वंद, मिलिबग (कापसासारखी पांढरी कीड) आली तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासा. नात चालायला लागली की फेब्रुवारीच्या आसपास भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं तिकडे न्या. गच्ची वापरायची असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, गळतीवरून फार भांडणं होतात.

कढीपत्त्याला चार-पाच पानं आली की मोठ्या कुंडीत हलवा. आणि एफडीच्या पावतीवरची मुदतीची तारीख बघून मला कळवा, त्याप्रमाणे पोस्टाचे फॉर्म आधीच भरून ठेवू.