पोत्याचा आकडा लाकडाला चालेल का?

प्रश्न : मखमलाबाद रस्त्याला आमचं चुलीवरच्या मिसळीचं छोटं हॉटेल आहे. रोज पहाटे ढिगातून बाभळीचे ओंडके मी वाकून ओढते. कंबर धरते, बोटं चेंगरतात. मार्केट यार्डात हमाल पोत्याला आकडा लावतात, तसा लाकडाला लावला तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आकडा लावा, पण तो नको. पोत्याचा आकडा बारीक आणि पुरता वळलेला असतो, कारण त्याला फक्त गोणपाटात शिरायचं असतं. वाळलेल्या बाभळीवर तो सरळ घसरेल. लाकडाचा आकडा जाड, कमी वळणाचा आणि टोकदार हवा.

वाकणं हे तुमचं खरं दुखणं आहे, त्यामुळे आधी लांब दांड्याची आकडी करून घ्या. कुऱ्हाडीएवढा दांडा आणि पुढे चोच, एवढंच. उभ्या उभ्या ओंडका आपल्याकडे ओढता येतो. ढिगाखाली विंचू बसलेला असेल तर हातही लांब राहतो. आखूड हातआकडा नंतर घ्या, ओंडका चुलीपर्यंत नेण्यासाठी.

लोहाराकडून करून घेताना गाडीच्या कमानीचा जुना पाटा द्या. सळईचा आकडा स्वस्तात होतो, पण आठवड्यात बोथट होतो. टोकाला पाणी पाजायला, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायला सांगा, तेही बेतानं. फार कडक झालं की टोक तुटून उडतं.

आता मारायचा कुठे? कापलेल्या तोंडावर, कडेपासून दोन बोटं आत. भेग असेल तर फारच छान. सालीत मात्र कधीच नको. पंचवटीतल्या वखारीत कामाला होतो तेव्हा घाईत मी एकदा सालीतच आकडा रोवला. साल हातात आली आणि ओंडका डाव्या अंगठ्यावर. ते नख अजून वाकडंच उगवतं. उचलताना दुसरा हात ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाखाली ठेवा. सोडवायला मनगट पिळलं की पुरे, हिसका देऊ नका. आणि मारताना पाय आकड्याच्या वाटेत नकोत.

एक लक्षात ठेवा, आकड्यानं वजन कमी होत नाही. वीतभर जाडीचा, दोन फुटांचा बाभळीचा ओंडका वाळलेला असला तरी 15 किलोच्या आसपास भरतो, ओला असेल तर जास्तच. त्याहून जाड असेल तो उचलूच नका. पाचर आणि घण घेऊन जागेवरच फोडा. चुलीलाही फोडलेलंच बरं पेटतं. काम झालं की टोकावर रबरी पाइपचा तुकडा चढवून आकडा खुंटीला टांगा. हॉटेलात पोरंबाळं फिरतात.

प्रश्न : द्राक्षबाग तोडली. खोडं न्यायला हीच आकडी चालेल का?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : नाही. वेलीचं खोड पिळदार आणि वेडंवाकडं असतं; आकडी एकीकडे ओढते, खोड भलतीकडे वळतं. जुन्या ताडपत्रीवर रचा आणि दोघांनी ओढत न्या. मात्र त्याआधी खोडात अडकलेल्या तारा काढा. कुऱ्हाडीची धार एका तारेनं जाते.