राष्ट्रपती स्काऊट व्हायचंय म्हणणारा मुलगा अचानक मागे हटतो तेव्हा

"मुलगा नववीत आहे. पाचवीपासून स्काऊटमध्ये आहे, राज्य पुरस्कार आठवीत झाला. राष्ट्रपती पुरस्काराचं वेड घरात सगळ्यात जास्त त्यालाच होतं. दिवाळीनंतर मात्र विषय काढला की उठून जातो. गणवेश कपाटात पडून आहे. ह्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षी दहावी आहे, सोडून दे. मला वाटतं, इतकं जवळ येऊन सोडणं बरं नाही. मागे लागू की गप्प बसू?"

हा प्रश्न घेऊन एक आई आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण प्रश्न नेहमीचा आहे. राष्ट्रपती पुरस्कार ही शाळेतल्या स्काऊट-गाईडची शेवटची पायरी, राज्य पुरस्कार त्याच्या आधीची. मुलगा स्काऊट असो वा मुलगी गाईड, नववीच्या दुसऱ्या सत्रात तो अनेक घरांत डोकं वर काढतो. पालकांना तो इच्छाशक्तीचा किंवा अभ्यासाचा वाटतो. बहुतेक वेळा मुलाचं गाडं एखाद्या अगदी ठराविक ठिकाणी अडलेलं असतं आणि ती जागा घरात बोलून दाखवणं त्याला जड जात असतं.

म्हणून पहिली भेट मुलाची एकट्याची घेतली. "का सोडतोयस?" हे विचारलंच नाही, कारण त्याला "कंटाळा आला" याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याला लॉगबुक, म्हणजे स्काऊटच्या कामांच्या नोंदींची वही, आणायला सांगितलं आणि आवडतं पान दाखव म्हटलं. त्याने रात्रीच्या हाइकचं पान उघडलं आणि बराच वेळ बोलला. होकायंत्राची सुई खिशातल्या चाकूमुळे कशी फिरली आणि त्यामुळे त्यांचा संघ कसा चुकला, हेही सांगितलं. पुढची पाच-सहा पानं त्याने एकदम उलटली. त्यांतल्या एका पानावर "वृक्षारोपण" असं लिहिलेलं होतं. अक्षर त्याचंच. वाक्य मात्र असं: "आम्ही सर्वांनी अत्यंत उत्साहाने श्रमदान करून 25 रोपे लावली." किती खोल खड्डे घेतले होते, असं विचारल्यावर तो गप्प झाला. मग हळूहळू बाहेर आलं. रोपं पाच लावली होती आणि हा अर्ध्यातून ट्यूशनला गेला होता. वेळ वाचावा म्हणून आईने मजकूर लिहून दिला, याने तो उतरवून काढला. इतर पानांचंही तेच.

"चाचणीत विचारलं तर काय सांगू?" एवढं एकच वाक्य तो बोलला. स्काऊटचा पहिलाच नियम विश्वसनीयतेचा आहे, आणि हा मुलगा तो मनापासून मानणारा होता. आईला सांगावं तर आईला वाईट वाटणार, पथकाच्या सरांना सांगावं तर सर रागावणार. त्यामुळे गणवेशच नको, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

इथे आईची चूक काढण्यात अर्थ नाही. घरोघरी प्रकल्पाच्या वह्या अशाच पूर्ण होतात. पण राष्ट्रपती पुरस्काराच्या चाचणीत कागदाइतकंच तोंडी विचारलं जातं, हातानं करूनही दाखवावं लागतं. न केलेलं काम तिथे दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. मुलांना हे पालकांच्या आधी कळलेलं असतं.

दुरुस्ती सोपी होती, पण ती त्यानेच करायची होती. लॉगबुकातली पानं फाडायची नाहीत, पान गायब दिसलं की शंका वाढते. न केलेल्या नोंदीवर एक आडवी रेघ, शेजारी तारीख आणि "ही नोंद रद्द" एवढे शब्द, खाली त्याची आणि सरांची सही. सरांकडे तो एकटा गेला, आई बाहेर थांबल्या. सर रागावले नाहीत. बहुतेक स्काऊटर, म्हणजे पथक चालवणारे शिक्षक, रागावत नाहीत, कारण स्वतःहून येऊन सांगणारा मुलगा त्यांना क्वचितच भेटतो.

त्यानंतर कॅलेंडर समोर घेतलं. पालकांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेची शिडी प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती अशी आहे. प्रत्येक पायरीवर ठराविक महिने काम करावंच लागतं, पैसे किंवा हुशारी देऊन ते कमी होत नाहीत. सगळे किमान काळ जोडले तर प्रवेशापासून साधारण चार वर्षं लागतात. स्काऊट विभागाचं वय 10 ते 17. म्हणजे पाचवी-सहावीत सुरुवात केलेल्याला वेळ पुरतो, आठवीत शिरलेल्याची फार ओढाताण होते. हिशोब नेहमी उलटा करावा: चाचणी शिबिर बहुधा कधी असतं, त्याआधी अर्ज कधी जातो, त्याआधी कोणते बॅज (एकेका कौशल्याचे बिल्ले) हातात हवेत. या तारखा आणि चालू अभ्यासक्रमाची प्रत संस्थेच्या जिल्हा संघटकांकडून लेखी घ्यावी. मोठ्या भावाच्या वेळचा अभ्यासक्रम धरून तयारी केलेली मुलं आयत्या वेळी एखाद्या बॅजला अडतात.

या मुलाच्या राज्य पुरस्काराला नऊ महिने होऊन गेले होते. खरं काम उरलं होतं ते तीन ठिकाणी: प्रथमोपचाराची फेरचाचणी, समाजसेवेचा प्रकल्प आणि तोंडी परीक्षा.

प्रथमोपचार त्याला "येत होता". पण तपासलं तेव्हा दुखऱ्या हाताची झोळी चुकीची बांधली. त्रिकोणी पट्टीचं टोक दुखऱ्या हाताच्या कोपराकडे हवं. वरचा पदर चांगल्या खांद्यावरून मानेमागून दुखऱ्या बाजूला आणायचा, खालचा पदर हातावरून वर घ्यायचा आणि गाठ दुखऱ्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीत मारायची. मुलं ती मानेच्या मणक्यावर मारतात, मग अर्ध्या तासात रुग्णाची मान दुखते. पंजा कोपरापेक्षा थोडा वर राहिला पाहिजे आणि बोटांची नखं दिसली पाहिजेत. नखं निळसर किंवा गार वाटली तर पट्टी सैल करायची, हे न विचारताही सांगावं. गाठ रीफ नॉटच हवी: उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा तीच बाजू वर आली की गाठ तिरकी बसते आणि ताण आल्यावर सरकते. सर्पदंशाच्या बाबतीत ग्रामीण भागातली मुलं घरी ऐकलेलं सांगतात, वर घट्ट दोरी बांधायची, ब्लेडने चिरा द्यायचा. दोन्ही घातक आहे. अवयव न हलवता, रुग्णाला न चालवता, तडक प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं.

दोन काठ्या काटकोनात बांधायच्या चौरस बांधणीतही असाच एक सांधा सुटतो. क्लोव्ह हिच या गाठीने उभ्या काठीवर, आडव्या काठीच्या खाली सुरुवात करायची. मग तीन-चार वेढे, त्यानंतर दोन काठ्यांच्या मधून दोन-तीन आवळ वेढे आणि शेवट आडव्या काठीवर क्लोव्ह हिचने. मधले आवळ वेढे मनगटाच्या जोराने ओढले जातात, तिथे अख्ख्या अंगाचा जोर लागतो. ते ढिले राहिले की दिसायला सुबक बांधणी धरून हलवताच कात्रीसारखी फिरते. हे चित्र पाहून येत नाही. आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं हातात दोर हवा, महिन्यातून एकदा तीन तास बसून काही हाती लागत नाही.

प्रकल्पावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जावाही. आधीची राहिलेली रोपं उन्हाळ्याच्या तोंडावर लावण्यात तर अर्थच नव्हता. "तुझ्या शाळेत रोज काय डोळ्यांना खटकतं?" असं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, मध्यान्ह भोजनानंतर ताटं धुतात तिथला चिखल. तोच प्रकल्प ठरला: सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा. नांदेडकडे "जादूचा खड्डा" म्हणून गाजला, तोच प्रकार. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. तळाशी मोठे दगड, वर क्रमाने लहान. मधोमध बाजूंना भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्यात पाइप. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी. जागा विहीर आणि हातपंपापासून दूर, भिंतीच्या पायापासूनही लांब.

वडिलांनी लगेच ओळखीचा मिस्त्री पाठवायची तयारी दाखवली. तेवढं थांबवलं. खोदकामाला मोठ्यांची मदत घ्यायला हरकत नाही, चार फुटी खड्ड्यात मुलांना एकटं उतरवूही नये. पण मोजमाप, दगड मिळवणं, संघातल्या मुलांमध्ये कामाची वाटणी आणि खर्चाची वही त्याच्याकडेच राहिली पाहिजे. असे खड्डे तुंबतात कशाने? एक तर दगडांच्या फटीत माती जाते. दुसरं, ताटातली शितं आणि तेलकटपणा आत जाऊन थर धरतो. म्हणून पाइपच्या आधी जाळी आणि गाळ बसायला छोटी कुंडी हवी. ती कोण, कोणत्या वारी साफ करणार हे ठरवावं लागतं. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, तिथे आधी छोटा खड्डा करून बादलीभर पाणी ओतून किती वेळात जिरतं ते पाहून घ्यावं. या मुलाच्या खड्ड्याची जाळी पहिल्याच आठवड्यात तुंबली. भोकं बारीक होती, भात अडकून पाणी उलटं आलं. त्याने ते तसंच लॉगबुकात लिहिलं, बदललेल्या जाळीचं चित्रही काढलं. अशी एक नोंद "उत्साहाने श्रमदान" असलेल्या दहा पानांना भारी पडते. ज्याला हे कळलं त्याला प्रकल्पाचं मर्म कळलं.

नोंद कशी असावी? तारीख, जागा, किती वेळ, कोण होतं, काय ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय बिघडलं. त्याच रविवारी वीस मिनिटांत लिहून टाकायची आणि त्याच महिन्यात सही घ्यायची. सही साचवू नये. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांच्या बदल्या होतात. सर दुसऱ्या तालुक्यात गेले की मागच्या दोन वर्षांच्या सह्या गोळा करत पालक फिरताना दिसतात. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणेच आहे ना, ते आजच पाहावं. "गणेश" आणि "गणेशराव" एवढ्या फरकानेही अर्ज परत येतो. पथकाची वार्षिक नोंदणी भरली आहे का, हेही सरांना एकदा विचारावं. ते विचारण्यात अपमान नाही.

तोंडी परीक्षेची भीती वेगळीच निघाली. चाचणी शिबिरात दुसऱ्या राज्यांतली मुलं असतात, परीक्षक हिंदीत विचारतात आणि हा मराठी माध्यमाचा. विषय येत होता, तोंड उघडत नव्हतं. त्याला पाठ करायला काही दिलं नाही. रोज रात्री जेवताना वडिलांना एक गोष्ट हिंदीत समजावून सांगायची, वडिलांनी फक्त "फिर क्या हुआ?" विचारायचं. व्याकरण सुधारायचं नाही. विरोधात असलेले वडील या कामामुळेच आत आले, हा त्यातला मोठा फायदा.

आता दहावीचं. पुरस्कारामुळे दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून काही पालक मुलाला ओढतात. त्या वर्षीचा मंडळाचा नियम शाळेतून समजून घ्यावा, पण निव्वळ गुणांसाठी दोन वर्षं ओढलेलं मूल चाचणीत टिकत नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे. दुसरीकडे, अभ्यासासाठी सगळं बंद करणंही नको. या घरात ठरलं ते असं: आठवड्याला तीन तास स्काऊट, सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे शून्य. वेळापत्रक मुलाने लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. आईने दिवसातून एकदाही "झालं का?" विचारायचं नाही, रविवारी संध्याकाळी एकदाच विचारायचं. आईंना ही अट सगळ्यात कठीण गेली. त्यांनी ती पाळली.

पालकांनी करायची कामं खरं तर भरपूर आहेत. शिबिराला नेण्या-आणण्याची सोय, औषधांची चिठ्ठी, बूट पायाला लागत नाहीत ना ते पाहणं, प्रवासासाठी शाळेची परवानगी, खर्च. मजकूर, मोजमाप, फोन आणि सही मागणं ही मात्र मुलाची कामं. "सर, मी अमुक बोलतोय, बुधवारी सहीला येऊ का?" हा फोन आईने केला की मूल पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतं.

कधी सोडून द्यावं? मुलाला पथकात कोणी त्रास देत असेल तर पुरस्कार बाजूला ठेवून आधी तो त्रास हाताळावा, शाळेशी लेखी बोलावं. झोप, भूक किंवा मित्र तुटले असतील तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवावं. लॉगबुक दुरुस्त होऊन, कॅलेंडर समोर असूनही महिन्याभराने तो शांतपणे "नको" म्हणाला, तर ते नको मान्य करावं. राज्यपालांच्या सहीचा राज्य पुरस्कार त्याच्याकडे आहेच. वय हातचं गेलं म्हणून दारही बंद होत नाही. पुढे कॉलेजात मुलांसाठी रोव्हर आणि मुलींसाठी रेंजर विभाग आहे, तिथे प्रवीण, निपुण असे टप्पे पार करून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाता येतं. शाळेत पथकच नसेल तर जिल्हा कार्यालयात मुक्त पथकाची चौकशी करावी. तिथे शाळेबाहेरच्या मुलांनाही प्रवेश मिळतो. मात्र चौकशीला जाताना मुलाला बरोबर न्यावं आणि प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत.