डाव्या पायाचा असूनही फुटबॉलपटू छांगते उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला, का खेळतो? आणि तो मुळात मुंबई सिटी क्लबचाच का?

आत वळून डाव्या पायाने थेट गोलवर मारता यावं म्हणून तो उजवीकडे खेळतो. आणि नाही, तो मुळात मुंबईचा नाही. लालियानझुआला छांगते मिझोरामचा. पुण्याच्या डीएसके शिवाजियन्स क्लबच्या अकादमीतून पुढे नॉर्थईस्ट युनायटेड, दिल्ली आणि चेन्नईयिन हे क्लब करत तो 2022 मध्ये मुंबई सिटीत आला. परभणीत पोरांना विंगचा खेळ शिकवताना मी त्याचेच सामने दाखवतो. त्यातही 2024 ची इंडियन सुपर लीगमधली गोव्याविरुद्धची उपांत्य फेरी बघाच: मुंबई 0-2 ने मागे, नव्वदावं मिनिट लागलेलं, आणि तिथून तीन गोल. त्यातले दोन छांगतेचे! भारताकडून तो 2015 पासून खेळतोय. 2023 च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचाच, मग पेनल्टीवर आपण जिंकलो. फक्त एक, तुमच्या शाळेच्या संघात हे आंधळेपणाने उचलू नका. विंगर आत वळला की बाहेरची जागा भरायला मागून धावत येणारा बॅक, म्हणजे त्या कडेचा बचावपटू, लागतो. तो नसेल तर डावखुऱ्याला डावीकडेच ठेवा आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, मारू द्या.